श्यामने केलं की संस्कार, अक्काने केलं की काम

‘श्यामची आई’ची पहिली रात्र वडाच्या झाडाशी घडते. वटसावित्रीचं व्रत आहे. आई तापाने अशक्त झालेली आहे, तिला प्रदक्षिणा घालवत नाहीत. म्हणून ती श्यामला सांगते, माझ्या वाटच्या तू घाल. श्याम कचरतो. १०८ फेऱ्यांचा त्याला कंटाळा आहे असं नव्हे. त्याला भीती आहे ती हसण्याची. तिथे सगळ्या बायका असणार, त्यांच्यात आपण एकटा मुलगा, कुणी पाहिलं तर चिडवणार. आई त्याला समजावते, की लाज वाटायचीच तर वाईट वागताना वाटावी; देवाचं आणि आईचं काम करताना कसली लाज? मग तो जातो.

हा प्रसंग आपल्याकडे मातृभक्तीचा धडा म्हणून वाचला जातो, आणि तो तसा आहेही. पण जरा थांबून पाहिलं तर त्यात मोठी गंमत आहे. नवऱ्याला आयुष्य मिळावं म्हणून बायकोने करायचं हे व्रत, आणि त्याच्या फेऱ्या घालतोय तो मुलगा. म्हणजे काही काळापुरता तो आईच्या जागी उभा आहे. त्याला अस्वस्थ करणारी गोष्ट नेमकी हीच आहे. ४२ रात्रींच्या या पुस्तकाचं दार उघडतं तेच मुळी ‘मुलग्याने हे करायचं असतं का?’ या प्रश्नावर. साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात अवघ्या काही दिवसांत हे पुस्तक लिहून काढलं, १९३५ साली ते छापून आलं आणि तेव्हापासून महाराष्ट्रात मुलांना कसं वाढवावं याची चर्चा या पुस्तकाला वळसा घालून पुढे जाऊ शकलेली नाही. ते रडवं आहे, ब्राह्मणी आहे, मातेचं देव्हाऱ्यातलं चित्र रंगवणारं आहे, हे सगळं म्हणून झालं आहे. मला त्यातली एक वेगळी गोष्ट पाहायची आहे: मुलगा मुलगा कसा होतो आणि मुलगी मुलगी कशी होते, याबद्दल हे पुस्तक काय सांगतं आणि काय सांगायचं राहून जातं.

आधी थोडं भाषेबद्दल. मराठीत जन्मलेलं मूल नपुंसकलिंगी असतं. ते रडतं, ते दूध पितं, ते पोरगं गुणी असतं, लेकरू भुकेलेलं असतं. मग बोलायला लागलं की त्याला निवड करावी लागते, आणि मराठीत ही निवड फार लवकर येते. इंग्रजी बोलणाऱ्या मुलाला ‘मी जातो’ म्हणताना आपण मुलगा की मुलगी हे सांगावं लागत नाही. मराठी मुलाला सांगावंच लागतं. जातो, जाते, जेवलो, जेवले. दिवसभर आईच्या मागे असलेला दोन-अडीच वर्षांचा मुलगा ‘मी येते’ म्हणतो, घरातले हसतात, आणि कुणीतरी म्हणतं, ‘येते नाही रे, येतो म्हण.’ लिंगभावाचा पहिला धडा बहुतेक मराठी घरांत असा, क्रियापदाच्या शेवटच्या अक्षरावर, हसत हसत दिला जातो. उलट बाजूचा तपशीलही बघण्यासारखा आहे. लाडात आलेल्या मुलीला आपण सर्रास ‘काय रे बाळा, दमलास का?’ म्हणतो. मुलीला मुलग्याचं क्रियापद हे कौतुक असतं. मुलग्याला कुणी लाडाने ‘दमलीस का गं?’ म्हणत नाही. म्हटलं तर ती टिंगल असते. म्हणजे मूल भाषेबरोबर दोन गोष्टी शिकतं. एक, घरं दोन आहेत. दुसरी, एका घरातून दुसऱ्यात गेलं तर बढती मिळते आणि दुसऱ्यातून पहिल्यात आलं तर हसं होतं.

श्याम वडाकडे जायला कचरतो तो हा दुसरा धडा पाठ झाल्यामुळे. लॉरेन्स कोलबर्ग या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९६६ साली मांडलं होतं, की तिसऱ्या वर्षाच्या आसपास मूल स्वतःला मुलगा किंवा मुलगी म्हणायला शिकतं. पण कपडे बदलले, केस वाढवले, खेळ बदलला तरी आपण तेच राहतो याची खात्री त्याला सहा-सात वर्षांपर्यंत पटत नाही. नंतरच्या संशोधकांनी त्याच्या मांडणीत पुष्कळ दुरुस्त्या केल्या. तरी त्यातला एक धागा आई-बापांना ओळखीचा वाटेल. मधल्या वर्षांत मुलं याबाबतीत मोठ्यांहून कडक असतात. भातुकलीत मुलगा आलाच तर त्याला बाबा करून कामावर धाडून देतात, आणि बाबा कामावर काय करतो हे कुणालाच माहीत नसल्याने तो बिचारा कोपऱ्यात उभा राहतो. मोठ्यांनी नियम सांगितलेला असेल-नसेल, पोरं तो आपसांत राबवतात, आणि राबवण्याचं त्यांचं हत्यार एकच: हसणं. ‘बायल्या’ हा शब्द बहुतेकांनी पहिल्यांदा मैदानावर ऐकलेला असतो, घरात नव्हे.

म्हणून श्यामच्या आईचं पहिल्या रात्रीचं बोलणं मला महत्त्वाचं वाटतं. ती मुलाला ‘मुलं-मुली सारखीच’ असं काही शिकवत नाही. तिच्या जगात ते वाक्यच नाही. ती लाजेचं स्थान बदलते. हसणारे जिथे लाज ठेवतात तिथून ती उचलून दुसरीकडे ठेवते. लहान मुलाच्या बाबतीत हा उपाय उपदेशापेक्षा कामाचा आहे, कारण मुलाला अडवतो तो विचार नसून लोकांची नजर असते.

या एका प्रसंगावर थांबलं तर योगायोग म्हणता येईल. पण पुस्तकात हे पुन्हा पुन्हा येतं. सातवी रात्र ‘पत्रावळ’. श्यामला पत्रावळ लावायचा कंटाळा. त्याला ती जमत नाही, अक्काला सुरेख जमते. शेवटी तो इरेला पेटून शिकतो. तेविसाव्या रात्रीचं तर नावच ‘अर्धनारी नटेश्वर’ आहे. सुटीत घरी आलेला श्याम आईला घरकामात हातभार लावतो, तिच्याबरोबर जात्यावर बसतो. आणि सांगणारा मोठा श्याम तिथे थांबून एक विचार मांडतो: पुरुषाने बाईकडून कोमलता आणि सेवा घ्यावी, बाईने पुरुषाकडून कणखरपणा घ्यावा, नाहीतर दोघंही अपुरी. १९३५ सालच्या पुस्तकात, मुलांसाठी, जात्याच्या खुंट्याला हात लावलेल्या मुलग्याच्या तोंडून हे येतं. शब्द तेव्हाचे आहेत. ‘बाईचे गुण’ आणि ‘पुरुषाचे गुण’ अशी विभागणी ते गृहीत धरतात. पण विचार कुठून आला हे विसरता कामा नये. तो पुस्तकातून आलेला नसून दळणातून आला आहे. जातं एकट्याने ओढणं आणि दोघांनी ओढणं यात केवढा फरक पडतो हे ज्याच्या खांद्याला माहीत आहे, तोच हे असं लिहू शकतो.

आता याच आईची दुसरी बाजू. बारावी रात्र, ‘श्यामचे पोहणे’. कोकणात पावसाळ्यात विहिरी भरल्या की पोरं पोहायला शिकतात. श्यामला पाण्याची भीती; तो माळ्यावर लपून बसतो. आई त्याला शोधते आणि शिंपटीने झोडपते. मग विहिरीत लोटलं जाणं, जीव घाबरणं, आणि शेवटी पोहता येणं. नंतर जवळ घेऊन ती सांगते, की माझ्या मुलाला कुणी भित्रा म्हटलेलं मला सोसणार नाही. या प्रसंगाचं कौतुक पुष्कळ होतं. आई प्रसंगी कठोरही होते, वगैरे. मला तो पुस्तकातला सगळ्यात अस्वस्थ करणारा प्रसंग वाटतो, आणि तो मार खाल्ल्यामुळे नव्हे. वडाखाली तिने मुलाला सांगितलं होतं, लोक हसले तर हसू दे. विहिरीवर ती स्वतःच लोक काय म्हणतील म्हणून शिंपटी उचलते. बायकांचं काम करताना लोकांच्या हसण्याची पर्वा नको, पण भित्रेपणाला लोक हसले तर ते मात्र खरं. लाज एकीकडून उचलली, तरी ती पूर्ण नाहीशी होत नाही. धैर्याच्या खात्यात ती शिल्लकच आहे.

यावर कुणी म्हणेल, पोहणं हे जीव वाचवणारं कौशल्य आहे, ते मुलग्यापुरतं कुठे आहे? बरोबर. मग अक्का पोहायला शिकली का? पुस्तकात हा प्रश्न कुणाच्या मनातच येत नाही. विहीर घराजवळ आहे, पाणी भरायला बायका-मुली रोज तिथे जाणार, पाय घसरायचा धोका कुणाला जास्त हे उघड आहे. तरीही भीती घालवण्याचा तो सगळा सोहळा मुलग्याचा आहे.

आणि इथे अक्का समोर येते. म्हणजे खरं तर येत नाही. दुसऱ्या रात्रीचं नावच ‘अक्काचे लग्न’ आहे. पुस्तकात तिची ठळक नोंद होते ती तिच्या लग्नाने. पत्रावळीच्या रात्री ती आहे, पण शिकवणारी म्हणून, आधीपासून येत असलेली म्हणून. तिला पत्रावळ कशी आली? तिची पहिली पत्रावळ कुठे उसवली? तिला कंटाळा आला तेव्हा आई काय म्हणाली? तिला कधी कुणी जवळ घेऊन समजावलं, की झोडपलं, की दोन्ही? अक्काला घडवणारी एकही रात्र मला या ४२ रात्रींत सापडत नाही. श्यामचं प्रत्येक काम ही एक कथा आहे. आधी नकार, मग बोलणं, मग प्रयत्न, मग आनंद. अक्काचं काम ही पार्श्वभूमी आहे. श्यामने भांड्याला हात लावला की तो संस्कार होतो. अक्काने लावला की भांडी घासून होतात.

गोष्टीचा नायक श्याम आहे, आठवणी त्याच्या आहेत, मग बहिणीच्या कशा येणार, हे उत्तर मला पुरेसं वाटत नाही. कारण हे एका पुस्तकापुरतं नाही. काम ‘आपलं’ असलं की ते गोष्टीत येत नाही, आणि ‘आपलं नसलेलं’ केलं की ते गोष्ट होतं, हा कथनाचाच नियम आहे, आणि लहान मुलं गोष्टींमधून जे शिकतात त्यात हा नियम आधी शिकतात. गोष्ट काय सांगते याच्या आधी ती कशाला सांगण्यालायक समजते ते त्यांना कळतं. मी शाळेत असताना ‘श्यामची आई’ वाचलं तेव्हा मी अर्थातच श्याम झाले. अक्का व्हावं असं मनातही आलं नाही. मुली हे सहज करतात. गोट्या होतात, फास्टर फेणे होऊन फुरसुंगीहून सायकल मारतात. मुलग्यांना मुलगी होऊन वाचायला लावणारी पुस्तकं आपण त्यांच्या हातात किती देतो? क्रियापदांत जे घडतं तेच वाचनात घडतं.

मुलीच्या घडण्याची गोष्ट त्या काळी मराठीत नव्हती असंही नाही. ‘स्मृतिचित्रे’चा पहिला भाग १९३४ साली आला, ‘श्यामची आई’च्या एक वर्ष आधी. लक्ष्मीबाई टिळकांनी त्यात आपलं लहानपण, वडिलांच्या सोवळ्याचा कहर, अकराव्या वर्षी झालेलं लग्न आणि पुढचा विलक्षण संसार अशा काही मिस्कील सुरात सांगितला आहे, की वाचणारा हसत हसत गप्प होतो. ते मुलांसाठी लिहिलेलं पुस्तक नव्हतं, त्यामुळे तुलना ताणता येणार नाही. पण एक फरक लक्षात राहतो. लक्ष्मीबाईंना काम करायला शिकवणारं कुणी हळुवारपणे समोर बसत नाही. मुलीचं शिकणं म्हणजे चुकल्यावर बोलणी खाणं. लीला दुबे या मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी १९८८ साली हिंदू मुलींच्या घडणीवर एक निबंध लिहिला होता; त्यात त्यांनी दाखवलं, की सणवार, गाणी, जेवणातली वाटणी, कामं आणि बोलण्यातले शब्द यांतून मुलीला लहानपणापासूनच कळत जातं, की हे घर आपलं तात्पुरतं आहे. आपल्याकडचा भोंडलाच पाहा. ज्या वयात पोरी फेर धरतात त्या वयात त्यांना सासर म्हणजे काय हे ठाऊक नसतं, पण सासू, नणंद, माहेरी जायची परवानगी हे सगळं पाठ झालेलं असतं. खिरापतीसाठी आलेली मुलगी सासुरवासाची तालीम करून घरी जाते.

‘श्यामची आई’तल्या वडिलांबद्दलही बोललं पाहिजे. अठरावी रात्र, ‘अळणी भाजी’. आई भाजीत मीठ घालायला विसरते. वडील एक शब्द न बोलता जेवतात, मुलंही जेवतात. आई जेवायला बसते तेव्हा तिला कळतं आणि ती हळहळते. वडिलांचं म्हणणं असं, की एवढ्या कष्टाने केलेल्या स्वयंपाकाला नावं ठेवून तिला कशाला हिरमुसलं करायचं? ताटं आपटणाऱ्या पुरुषांच्या मुलखात ही रात्र अनेक मुलग्यांना चांगलं काही शिकवून गेली असेल, याबद्दल मला शंका नाही. मात्र ही गोष्ट घडू शकते ती एकाच कारणाने: आई सगळ्यांच्या शेवटी जेवते. ती पंगतीला असती तर पहिल्या घासाला कळलं असतं, कुणीतरी मीठ आणलं असतं, आणि अठरावी रात्र उरलीच नसती. वडिलांच्या मोठेपणाला आईचं मागून जेवणं लागतं. पुस्तकाला त्यात काही वावगं दिसत नाही, कारण त्याला ते दिसतच नाही. ज्या मुलाला ही गोष्ट सांगितली जाते, ते मात्र दोन्ही शिकतं.

असंच काहीसं पंचविसाव्या रात्री, ‘देवाला सारी प्रिय’मध्ये होतं. मोळी उचलता येत नसलेल्या महार म्हातारीला हात दे, असं आई श्यामला सांगते. आणि मग घरी येऊन अंघोळ कर, असंही सांगते. या अंघोळीवर आजचा वाचक अडतो आणि ते योग्यच आहे. या आईची करुणा खरी आहे, पण ती रेघ पुसत नाही. ओलांडू देते आणि परत आणून सोडते. मला वाटतं, बायकांच्या कामाबाबतही पुस्तक हेच करतं. श्याम प्रदक्षिणा घालतो, दळतो, आणि परत मुलगा होऊन अभ्यासाला जातो. रेघेपलीकडे जाऊन येणं हे त्याचं पुण्य आहे. अक्का, आई, आणि पाचव्या रात्री भेटणारी मथुरी कांडपीण रेघेच्या पलीकडेच राहतात. मथुरीचं तर कांडण पोटासाठी आहे. तिच्या हातात मुसळ आहे म्हणून कुणी तिला अर्धनारी नटेश्वर म्हणणार नाही.

एवढं म्हणूनही मी हे पुस्तक मोडीत काढायला तयार नाही, कारण त्याच्याकडे जे होतं तेही आपण घेतलं नाही. महाराष्ट्राने ‘श्यामची आई’तून काय उचललं? पायाला घाण लागू नये म्हणून आई आपलं लुगडं पसरते तो प्रसंग. त्याग, अश्रू, संस्कार. आचार्य अत्र्यांनी १९५३ साली चित्रपट केला, त्याला राष्ट्रपतींचं सुवर्णपदक मिळालं, आणि वनमालाबाईंचा चेहरा हाच आईचा चेहरा झाला. बक्षीस समारंभात वर्षानुवर्षं हे पुस्तक मुलग्यांच्या हातात दिलं गेलं. त्यातलं जातं, पत्रावळ आणि पोळपाट यांच्याबद्दल त्या समारंभांत कुणी बोललं असेल असं मला वाटत नाही. आईची पूजा करायला सांगणं सोपं असतं, तिच्या हातचं दळण घ्यायला सांगणं अवघड.

आणि ज्यांनी नावं ठेवली त्यांनी कशाला ठेवली? रडण्याला. श्याम रडका, गुरुजी रडके, साहित्य रडकं. वाङ्मयीन टीका म्हणून त्यात तथ्य आहे. गुरुजींचा गहिवर अनेकदा वाक्य भिजवून टाकतो. पण या शेऱ्यात मैदानावरचा सूरही ऐकू येतो. मुलगा असून रडतो काय, हाच तो सूर. श्यामला वडाखाली ज्याची भीती वाटत होती ते हसणं पुढे त्याच्या लेखकाच्या वाट्याला आलं. अमळनेरच्या छात्रालयात गुरुजी मुलांच्या खोल्या झाडत, अंथरुणं आवरत, आजारी मुलांची उशापायथ्याशी बसून शुश्रूषा करत. म्हणजे पुस्तकात जे लिहिलं ते त्यांनी केलं होतं, लिहिण्याच्या आधीपासून. त्याबद्दल त्यांना ‘मातृहृदयी’ म्हटलं गेलं. विशेषण प्रेमाचं आहे, पण त्यात पळवाट आहे. पुरुषाने केर काढला तर त्याचं हृदय आईचं असणार, असा त्याचा अर्थ होतो. साध्या पुरुषी हृदयाच्या माणसाने मग केर काढायचं कारण उरत नाही.

२०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकातल्या चित्रांची बातमी झाली होती. एका चित्रात स्त्री आणि पुरुष शेजारी बसून भाजी निवडत होते. दुसऱ्या ठिकाणी डॉक्टर बाई होती. स्वागत झालं, थोडी थट्टाही झाली. मला ती चित्रं आवडली होती. सात वर्षांच्या मुलाला ‘समानता’ शब्द सांगण्यापेक्षा मेथीची जुडी हातात घेतलेला बाबा दाखवणं शहाणपणाचं. फक्त, चित्राची बातमी का झाली? बाबामुळे. आईने भाजी निवडण्याची बातमी होत नाही. पुन्हा तोच पत्रावळीचा न्याय. आणि चित्रात न दिसणारं एक काम आहे: आज कुठली भाजी करायची, ती घरात आहे का, कालची उरली आहे का, कुणाला चालत नाही, हे डोक्यात धरून ठेवणं. बाबा निवडायला बसला तरी हे कोणाच्या डोक्यात असतं, ते पोरांना बरोबर माहीत असतं. भाजी निवडताना तो मान वर करून ‘देठं ठेवू का?’ असं कुणाला विचारतो, ते ती बघतात.

त्याच २०१९ साली देशात वेळेच्या वापराची मोठी सरकारी पाहणी झाली. घरातल्या बिनपगारी कामांत रोज भाग घेणारे पुरुष सुमारे २६ टक्के, स्त्रिया ८१ टक्के. जे भाग घेतात त्यांतही पुरुष दिवसाला सरासरी ९७ मिनिटं देतात आणि स्त्रिया २९९. हे आकडे पुष्कळदा छापून आले. त्यातली एक बारीक गोष्ट सहसा सांगितली जात नाही: ही पाहणी प्रौढांची नाही. त्यात सहा वर्षांपासून पुढचे सगळे मोजलेले आहेत. म्हणजे दुसरीच्या वर्गात ते चित्र पाहणारी मुलगी आणि तिच्या बाकावरचा मुलगा दोघंही त्या मोजणीच्या कक्षेत येतात.

मग आज सात-आठ वर्षांच्या मुलांना ‘श्यामची आई’ वाचून दाखवावं का? मी दाखवते. काही रात्री गाळून, अंघोळीपाशी थांबून, शिंपटीपाशी वाद घालून. मुलांना वाद आवडतो. पत्रावळीच्या रात्री मी विचारते, की अक्काला कुणी शिकवलं असेल? उत्तरं ऐकण्यासारखी येतात. एक मुलगा म्हणाला, तिला येतच असणार. शेजारच्या मुलीने त्याच्याकडे ज्या नजरेने पाहिलं, त्या नजरेत पुरता निबंध होता. ती म्हणाली, ‘येतच असणार म्हणजे काय? तिला पण बोटाला काडी टोचली असेल की.’

तिच्या या काडीचा माग काढायचा तर गुरुजींच्याच दुसऱ्या एका कामाकडे जावं लागतं. जात्याशी बसून बायका ज्या ओव्या म्हणत त्या त्यांनी गोळा केल्या आणि ‘स्त्रीजीवन’ या नावाने छापल्या. ‘श्यामची आई’च्या मानाने ते पुस्तक फारच कमी वाचलं गेलं. त्यात उपदेश करणारी आई नाही आणि घडणारा मुलगाही नाही. माहेर, भाऊ, सासर, लेक, काम, थकवा, असं सगळं बायका दळता दळता स्वतः सांगतात. गुरुजी तिथे ऐकणारे आणि उतरवून घेणारे आहेत. लहानपणी जात्याचा दुसरा हात धरलेल्या माणसालाच त्या ओव्यांची किंमत कळली असणार, असं मला ते पुस्तक चाळताना वाटतं. अक्काची रात्र कुठे असेलच तर ती तिथे असावी, नाव नसलेल्या कुणाच्या तरी ओवीत.